परळहून घोडबंदर : एका अंतराचा आढावा

रात्री पावणेतीनला आईचा मोबाइल किंचाळायला लागला. पडद्यावर लाल आकडा, ५८. घरात धावपळ. मुलीनं ग्लुकोजची पुडी फोडली, बायकोनं साखरेचा डबा आणला, मी दिवा लावला. आई उठून बसली आणि म्हणाली, "मला काहीसुद्धा होत नाहीये. झोपू द्या." तरी दोन चमचे साखर तोंडात गेलीच. मग मुलीलाच आठवलं म्हणून जुनं यंत्र काढून बोटाला टोचलं, तर ११८.

आईच्या डाव्या दंडावर दहाच्या नाण्याहून जरा मोठी, पांढरी चकती चिकटवलेली असते. चौदा दिवस राहते, मग नवी. त्या रात्री आई डाव्या कुशीवर झोपली होती, दंड अंगाखाली दाबला गेला होता. चकतीखालचा केसासारखा तंतू रक्तात नसतोच. तो कातडीखालच्या पेशींमधल्या द्रवात असतो. दाब पडला की तिथला प्रवाह आटतो आणि आकडा खोटाच खाली येतो. शिवाय रक्तातली साखर त्या द्रवात उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात, म्हणजे चकती सांगते ती थोडी शिळी बातमी. हे सगळं माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आम्ही ते सकाळी वाचलं.

या चकतीचं मूळ १९६२ सालचं आहे. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा थर बसवायची कल्पना मांडली. विकर साखरेशी झटापट करतं, त्यात ऑक्सिजन खर्ची पडतो, तो किती कमी झाला ते वीज सांगते. सजीवातला एक निवडक रेणू आणि त्याला जोडलेली निर्जीव तार, हाच बायोसेन्सरचा सांगाडा. रचना पुष्कळ बदलली, बारीक झाली, स्वस्त झाली, पण आईच्या दंडावर आजही तेच विकर राबतं आहे.

मला या साठ वर्षांत दिसतं ते अंतर. पूर्वी साखर तपासायची म्हणजे उपाशीपोटी लॅबच्या बाकावर बसायचं, रक्त द्यायचं, घरी यायचं, संध्याकाळी रिपोर्टला परत जायचं. मग बोटाचं यंत्र आलं आणि लॅब स्वयंपाकघरात आली. आता ती दंडावर आली. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला या प्रगतीचं मोल वेगळं समजावून सांगायला नको. इथं अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. कासारवडवलीहून कापूरबावडी किती, असं विचारलं तर उत्तर येतं, "किती वाजता निघणार?" वैद्यकातल्या नव्या शोधांचा आढावा घ्यायला बसलो तेव्हा मला हेच मोजमाप सापडलं. कुठला शोध रुग्णाच्या किती जवळ आला आणि कुठला समोर असूनही लांबच राहिला.

बोटाला लावायचा चिमटा घ्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या सोसायटीत एकच ऑक्सिमीटर होता आणि तो सॅनिटायझरनं पुसून मजल्यामजल्यावर फिरायचा. त्यामागचं तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलं. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार पाठवायचे. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि रिकामं हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या ठोक्याबरोबर जो भाग हलतो तेवढाच धरायचा, म्हणजे हाड, नख, मांस आपोआप वजा होतं. मूळ युक्ती या नाडीच्या ठोक्यात आहे. आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले, म्हणजे अवघं जग बोटाला चिमटा लावून बसू लागलं त्याच सुमारास. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवून दिलं की काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना यंत्र 'ठीक आहे' म्हणण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. प्रकाशाला कातडीचा रंगही दिसतो. सावळ्या माणसांच्या देशात या गोष्टीची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असं माझं मत आहे.

याच प्रकाशाच्या युक्तीवर एक ठाणेकर प्रयत्न झाला होता. पारोळ हे वसई तालुक्यातलं गाव. घोडबंदरची खाडी ओलांडून महामार्गानं गेलं की शिरसाड फाट्यावरून आत वळायचं. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. अभिषेक सेन यांनी रक्तक्षयानं खंगलेल्या गरोदर बायका पाहिल्या. अंगात रक्त कमी आहे हे कळायलाच उशीर होतो आणि बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी जीव जातो. डॉ. योगेश पाटील, मिश्किन इंगवले आणि अमन मिधा यांच्याबरोबर त्यांनी बायोसेन्स ही कंपनी काढली आणि न टोचता हिमोग्लोबिन सांगणारं 'टचएचबी' हे यंत्र करायला घेतलं. इंगवले यांनी २०१२ साली टेडच्या मंचावर त्याची गोष्ट सांगितली, तीत यशापेक्षा फसलेल्या प्रयत्नांचा हिशेब मोठा होता.

न टोचता रक्त मोजणं इतकं अवघड का? ऑक्सिमीटरला फक्त प्रमाण सांगायचं असतं, शंभरातल्या किती गाड्या भरलेल्या आहेत एवढंच. हिमोग्लोबिन मोजताना एकूण गाड्या किती हे सांगावं लागतं, आणि बोट जाड की बारीक, गार की गरम, यावर सगळं गणित हलतं. म्हणूनच जगात आजही निदानाची शेवटची भिस्त रक्ताच्या नमुन्यावरच आहे. याच मंडळींनी पुढं 'यूचेक' आणलं. लघवीच्या पट्टीचे बदललेले रंग मोबाइलच्या कॅमेऱ्यानं वाचायचे. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएचं पत्र आलं. पट्ट्यांना डोळ्यांनी बघून वाचण्यापुरती परवानगी आहे, मोबाइल वाचणार असेल तर ते वेगळं उपकरण ठरतं, त्याची परवानगी कुठे आहे? मोबाइल ॲपला उपकरण ठरवण्याच्या वादात हे पत्र जगभर दाखला म्हणून दिलं गेलं. तेव्हा अनेकांना ती अडवणूक वाटली. मला ५८ आणि ११८ ची रात्र आठवते आणि पत्र लिहिणाऱ्याची बाजू थोडी पटते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पारोळचा प्रश्न अजून तिथंच आहे.

शस्त्रक्रियेत अंतर उलट्या दिशेनं कापलं गेलं. तिथं सर्जनचे हात शरीराबाहेर राहिले. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बीण पोटात घालून निदान करायला सुरुवात केली, तेव्हा सहकाऱ्यांना तो नाद वाटे. १९९० साली त्यांनी त्याच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातलं ते पहिलं. आधीच्या पिढीतल्या कुणाच्याही पोटावर बरगडीखाली वीतभर तिरका व्रण बघा आणि आजच्या माणसाचे तीन-चार ठिपके बघा. आमच्या शेजारच्या काकांनी शुक्रवारी दुर्बिणीचं ऑपरेशन करून सोमवारी खालच्या कट्ट्यावर हजेरी लावली आणि 'फार काही नव्हतंच' म्हणून सगळ्यांची निराशा केली.

मग सर्जन आणि रुग्ण यांच्यामध्ये समुद्र घालून झाला. सप्टेंबर २००१ मध्ये जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय यंत्रहातांनी काढलं. आपल्याकडेही आता देशी बनावटीचे रोबोट शस्त्रक्रियागृहांत उभे आहेत. रोबोट या शब्दाला जाहिरातीत फार भाव आहे. प्रत्यक्षात तो स्वतः काही कापत नाही, सर्जनच्या मनगटाची हालचाल बारीक करून, थरथर गाळून पुढं पाठवतो. अटलांटिकपलीकडचं पित्ताशय निघालं, ठाण्याहून बोरिवलीला जायला मात्र अजून गायमुखचा घाटच आहे. डोंगराखालून जुळा बोगदा खणायचं काम चाललंय, तोवर रुग्णवाहिकाही आमच्याच रांगेत.

कॅन्सरच्या बाबतीत जे घडलं ते मला या दशकातलं मुंबईचं सर्वांत मोठं काम वाटतं. कार-टी उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात एक नवं जनुक घालतात, त्यामुळं त्या पेशींना रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखता येते. मग वाढवून परत शिरेत. अमेरिकेत २०१७ साली पहिल्या अशा उपचाराला मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती पावणेपाच लाख डॉलर. इतके पैसे असणाऱ्या भारतीयालाही आपल्या पेशी घेऊन परदेशीच जावं लागे. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेनं टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर हेच तंत्र इथं घडवलं. जून २०२१ मध्ये टाटात पहिल्या रुग्णाला त्या पेशी दिल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता आली, एप्रिल २०२४ मध्ये पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं. किंमत परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्शात. २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आलेल्या निष्कर्षांत सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये उपचारानं काम केलं होतं. दहावा हिस्सा म्हणजेसुद्धा लाखांतलेच आकडे, म्हणजे वन-बीएचके गहाण पडण्याइतकेच. तरी पेशींचा प्रवास आता पवई, परळ, नवी मुंबई एवढ्यातच होतो, ही गोष्ट लहान नाही.

परळचं नाव निघालं की मला मामी आठवते. केईएमच्या समोरच्या गल्लीत, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर तिचं बिऱ्हाड. गॅलरीत उभं राहिलं की रुग्णालयाची दगडी इमारत दिसायची. त्या इमारतीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय बदललं होतं, दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केलं त्याला तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. मेंदू थांबला म्हणजे माणूस मेला, हे मानणारा कायदा यायला १९९४ उजाडलं आणि त्याच वर्षी दिल्लीत देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण झालं. मधली सव्वीस वर्षं हात तयार होते, कायदा नव्हता. आणि त्याच इमारतीत ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली टेस्टट्यूब बेबी जन्मली. प्रयोगशाळेची बाजू सांभाळली शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी.

देशातली पहिली म्हणून तिची नोंद झाली. आनंद कुमार यांचं मोठेपण पुढं दिसलं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ऑक्टोबर १९७८ मध्येच, इंग्लंडमधल्या लुईस ब्राऊननंतर सत्तर दिवसांत, असं बाळ जन्माला घातलं होतं, तेही गोठवून ठेवलेल्या गर्भापासून. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं. १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवलं. १९९७ मध्ये आनंद कुमार यांनी त्यांची हस्तलिखित टिपणं वाचली आणि जाहीर लिहिलं की पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत अशी पानं फार सापडत नाहीत.

केईएममध्ये ते बाळ जन्मलं तेव्हा मामी चौतीस वर्षांची. मूल नव्हतं. तिचं आणि त्या इमारतीचं अंतर रस्ता ओलांडण्याएवढं, आणि ती कधी ओलांडून गेली नाही. सासू म्हणायची, नळीतलं पोर कुणाचं म्हणायचं? मामा गिरणीत, संपानंतरचे दिवस. मामांना तपासायचं तर नावच कुणी काढलं नाही, तेव्हा ते बाईचंच दुखणं समजलं जाई. आज अतिसूक्ष्म सुईनं एकच शुक्राणू बीजात सोडता येतो. हे तंत्र १९९२ साली ब्रुसेल्समधून आलं आणि पुरुषातल्या दोषाचा बराचसा प्रश्न त्यानं सोडवला. दोष पुरुषात असू शकतो हे मान्य करायला घराघरांत त्याहून जास्त वेळ लागला.

शस्त्रक्रिया आणि प्रजनन ज्या ठिकाणी एकमेकांना भेटले ते ठिकाण पुण्यात आहे. मे २०१७ मध्ये गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूनं देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. गर्भाशय दिलं रुग्णाच्या आईनंच. स्वीडनमध्ये याआधी दात्रीचं पोट उघडून दहा-बारा तास झगडावं लागे. इथं ते दुर्बिणीतून सोडवलं, वेळ खूप वाचला. त्यांच्या अशाच एका रुग्णेला ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगी झाली, वजन दीड किलोच्या आत. आई ज्या पिशवीत वाढली त्याच पिशवीत लेकही. रोपलेल्या गर्भाशयाला मज्जातंतू जोडलेले नसतात, त्यामुळं कळा जाणवत नाहीत. बीजनलिकाही जोडत नाहीत, म्हणून गर्भ आधी प्रयोगशाळेत तयार करून ठेवावा लागतो. आणि बाळंतपणं झाली की ते काढून टाकतात, कारण ते असेपर्यंत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालूच. बाकीचे अवयव कायमचे येतात, हा पाहुणा.

अशा उपचारांना चौकट घालणाऱ्या २०२१ च्या दोन कायद्यांनी पैसे देऊन सरोगसी बंद केली, बीजदान करणाऱ्या बाईला आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त सात बीजं देता येतील असं ठरवलं, उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी पन्नाशीची मर्यादा घातली. प्रयोगशाळा मात्र कायद्याच्या पुढं धावते. जपानमध्ये कात्सुहिको हायाशी यांनी २०२३ साली नर उंदराच्या पेशींपासून बीज बनवून दोन बापांची पिल्लं जन्माला घातली. ६३० गर्भांतून ७ पिल्लं. माणसापर्यंत यायला ते खूप लांब आहे आणि तसं ते असावंही.

गेल्या महिन्यात मामीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघालो होतो. परळची खोली विकून ती कासारवडवलीला आली त्याला वीस वर्षं झाली. मानपाड्याला रिक्षा अडकली. समोर मेट्रोच्या खांबांमागे आयव्हीएफ केंद्राचा फलक, गुबगुबीत बाळ, खाली 'सुलभ हप्ते'. मामीनं चष्मा वर करून तो मोठ्यानं वाचला. मी हिंदुजांचं, केईएमचं सांगायला सुरुवात केली.

"माहीत आहे की," ती म्हणाली. "तुझ्या मामांनी त्या बातमीचा पेपर ठेवला होता. ते गेल्यावर खोली आवरताना सापडला, त्यांच्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. मला कधी दाखवला नव्हता."

मागून बसचा हॉर्न वाजला. रिक्षा दोन हात पुढं सरकली आणि पुन्हा थांबली.