मनुष्यवाहक ड्रोन : व्यक्तिगत वाहन म्हणून व्यवहार्यता

पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या संस्थेने भारतीय नौदलासाठी तयार केलेल्या ‘वरुण’ या मनुष्यवाहक ड्रोनचे प्रात्यक्षिक जुलै २०२२ मध्ये नवी दिल्ली येथे झाले. सुमारे १३० किलोग्रॅम भार घेऊन २५ ते ३० किलोमीटर जाण्याची त्याची क्षमता त्या वेळी सांगण्यात आली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनने ईहँग कंपनीच्या दोन आसनी, वैमानिकरहित यानास प्रकार-प्रमाणपत्र दिले. अशी याने उडू शकतात, याविषयी आता शंका उरलेली नाही. ती नागरिकाचे नित्याचे वाहन होऊ शकतील काय, हा मात्र निराळा प्रश्न होय.

विमानाच्या पंखांना पुढील गतीमुळे आधार मिळतो. ड्रोनला मात्र आपला सर्व भार पंख्यांनी हवा खाली लोटून प्रतिक्षणी तोलावा लागतो. समजा, यान व प्रवासी मिळून भार ३०० किलोग्रॅम असून सर्व पंख्यांनी व्यापलेले क्षेत्र ६ चौरस मीटर आहे. केवळ अधांतरी राहण्यास आदर्श स्थितीत सुमारे ४२ किलोवॅट, आणि यंत्रांतील व्यय धरता सुमारे ६० किलोवॅट शक्ती लागेल. एका किलोग्रॅममध्ये २०० वॅट-तास ऊर्जा साठविणारी १०० किलोग्रॅमची बॅटरी वीस मिनिटांत रिती होईल. बॅटरी वाढवावी, तर भारही वाढतो. म्हणून ही मर्यादा सहज ओलांडता येत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर वसलेले असून वैशाखात तेथील तापमान ४० अंशांवर जाते. अशा वेळी हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित घनतेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी उणी असते व त्याच भारास सुमारे ८ टक्के अधिक शक्ती लागते. वेरूळ रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर दूर आहे. तेथे पोहोचतानाच संचित ऊर्जा संपुष्टात येईल. सुमारे १०० किलोमीटरवरील अजिंठ्याचा तर विचारच नको.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. अनेक पंख्यांपैकी एखादा बंद पडल्यास उरलेले भार सांभाळू शकतात. परंतु सर्व वीजपुरवठा खंडित झाल्यास हेलिकॉप्टर आपल्या मोठ्या पात्यांच्या स्वयंभ्रमणाने जसे उतरू शकते, तसे लहान, अचल कोनाच्या पात्यांच्या ड्रोनला उतरता येत नाही. हवाई छत्रीस उघडण्यापुरती उंची लागते. दाट वस्तीवरून कमी उंचीने जाताना तिचा भरवसा धरता येत नाही. शिवाय ड्रोन नियम, २०२१ अन्वये विमानतळाच्या सीमेपासून ८ किलोमीटरच्या आत उड्डाणास हवाई वाहतूक नियंत्रणाची अनुज्ञा लागते. चिकलठाणा विमानतळ शहरालगतच असल्याने शहराचा मोठा भाग या मर्यादेत येतो.

यास्तव, घराच्या गच्चीवरून कचेरीत जाण्याचे साधन म्हणून हे यान आज व्यवहार्य ठरत नाही. एका जहाजावरून दुसऱ्यावर माणूस नेणे, पुराने वेढलेल्या गावात औषध वा वैद्य पोहोचविणे, अशा अल्प अंतराच्या कार्यात मात्र त्याचे मोल मोठे आहे. कारण तेथे तुलना रस्त्याशी नसून रस्त्याच्या अभावाशी असते. सार्वजनिक निधीचा विनियोग ठरविताना हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. अन्यथा मोजक्यांच्या उड्डाणासाठी बहुतांची बस मागे पडेल.