बारा व्होल्ट असूनही मोटर का फिरेना?

बटण दाबले की वर-खाली होणारी मोटारीची काच तुम्ही पाहिली असेलच. गेल्या पावसाळ्यात राहुरीहून अहिल्यानगरला येताना आमच्या मोटारीची डावी काच खाली गेली, ती गेलीच. बटण दाबून अंगठा दुखला, पण काच तसूभर हलेना. घरी पोहोचेपर्यंत आसन भिजून चिंब! दुसऱ्या दिवशी एका कारागिराने निदान केले, “मोटर जळाली सर, नवी टाका.” खर्च काही हजारांचा होता. पण पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये असे वर्गात सांगायचे आणि घरी विसरायचे, हे काही बरे नव्हे. म्हणून मी व माझे दोन विद्यार्थी दार उघडून बसलो.

प्रथम दाराच्या पोटात काय असते ते पाहू. तेथे एक लहान मोटर असते. तिच्या आसावर मळसूत्र कोरलेले असून ते एका दंतचक्राला फिरवते. मळसूत्राच्या अनेक फेऱ्या होतात तेव्हा कोठे चक्र एकदा फिरते. त्यामुळे वेग घटतो, पण जोर वाढतो. हे चक्र पोलादी तारेचा दोर ओढते आणि दोराला जोडलेली काच खाचेतून सरकते. गंमत अशी, की मळसूत्र चक्राला फिरवू शकते, पण चक्र मळसूत्राला फिरवू शकत नाही. घर्षण आड येते. म्हणूनच वीज बंद केली तरी काच स्वतःच्या वजनाने घसरत नाही. बटण उलट दाबले की मोटरची धन व ऋण टोके अदलाबदल होतात आणि ती उलटी फिरते.

आता तपास. आमच्या मोटारीत चारही काचांना एकच फ्यूज आहे. बाकीच्या तीन काचा चालत होत्या, म्हणजे बॅटरी व फ्यूज ठीक. मोटरची घरघर ऐकू येऊनही काच हलली नसती, तर दोर तुटल्याचा संशय आला असता. येथे तर आवाजच नव्हता. मोटरची जोडणी काढून तिच्या दोन तारांना मल्टिमीटर लावला आणि बटण दाबले. काटेकोर 12 व्होल्ट! म्हणजे वीज येते, तरी मोटर फिरत नाही. कारागिराचेच खरे म्हणायचे? पण तीच मोटर सुटी करून सरळ बॅटरीला जोडताच भरकन फिरली!

वीजही आहे, मोटरही चांगली आहे, मग अडले कोठे? एक विद्यार्थी म्हणाला, “सर, मीटरऐवजी बल्ब लावून पाहू या का?” वळणदर्शक दिव्याचा 21 वॅटचा बल्ब त्याच तारांना जोडला. तो मुळीच पेटला नाही, आणि आता मीटरवर 1 व्होल्टही दिसेना!

याचे उत्तर ओहमच्या नियमात आहे. समजा, वाटेत कोठेतरी 20 ओहमचा नको असलेला रोध शिरला आहे. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध सुमारे 1 कोटी ओहम असतो. त्यापुढे 20 ओहम म्हणजे समुद्रात थेंब. म्हणून मीटर 12 व्होल्टच दाखवतो. पण थांबलेल्या मोटरच्या वेटोळ्याचा रोध 2 ओहम धरला, तर एकूण 22 ओहमांतून जेमतेम अर्धा अँपिअर धारा वाहते आणि मोटरच्या वाट्याला 1 व्होल्टच्या आसपास दाब येतो. मोटर फिरणार कशी? मीटर खोटे बोलत नव्हता. आमचा प्रश्नच अपुरा होता. ‘दाब आहे का?’ एवढेच आम्ही विचारले. ‘काम करताना दाब टिकतो का?’ हे बल्बने विचारले.

मग दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी हळूहळू वाकवली. बल्ब लुकलुकला! नळी सरकवून पाहतो तो एका तारेचे तांबे आवरणाच्या आत तुटलेले. हिरवट गंज चढलेली टोके एकमेकांना जेमतेम टेकलेली.

तार का तुटली? दिवसातून 10 वेळा दार उघडले, तर 10 वर्षांत 36,500 वेळा ती वाकली. वारंवार वाकवलेला धातू थकतो. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि 50हून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मन अभियंता व्होलर याने वर्षानुवर्षे प्रयोग करून धातूच्या या थकव्याचा अभ्यास केला.

तुटलेल्या जागीच डाग देऊन भागत नाही; तेथे तार ताठ होते आणि शेजारी पुन्हा तुटते. आम्ही नव्या तारेचा लांब तुकडा घालून दोन्ही सांधे नळीबाहेर, न वाकणाऱ्या जागी घेतले. खर्च शंभर रुपयांच्या आत!

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. हे काम मोठ्या माणसाविना करू नका. काच चिकटपट्टीने पक्की बांधा, बटण दाबताना बोटे आत घालू नका आणि तारा जोडताना बॅटरीचे ऋण टोक सोडवा. हा जोर गळा आवळण्याइतका असतो; लहान मुलांना बटणाशी खेळू देऊ नका.

घरी करून पाहा : 9 व्होल्टची बॅटरी, 1,000 ओहमचा रोधक आणि विजेरीचा लहान बल्ब एका माळेत जोडा. बल्ब काढून त्याच्या जागी मीटर लावा, दाब मोजा. मग बल्ब परत बसवून त्याच्या दोन टोकांमधला दाब मोजा. दोन आकड्यांत एवढा फरक का, ते वहीत लिहा.