निघून जाण्याचा हक्क

३० ऑक्टोबर १९९५च्या रात्री माँट्रियलमध्ये आम्ही ताटं तशीच ठेवून टीव्हीसमोर बसलो होतो. क्वेबेकनं कॅनडातून वेगळं व्हावं का, याची मतमोजणी चालली होती. ५०.५८ टक्के 'नाही', ४९.४२ टक्के 'हो'. फरक जेमतेम ५४ हजार मतांचा! 'हो' म्हणणाऱ्या शेजारच्या आजी जिन्यात रडत बसल्या; त्यांना काय सांगावं, मला सुचेना.

१९९८मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं निर्वाळा दिला: प्रांताला एकतर्फी फुटून निघण्याचा हक्क नाही. पण स्पष्ट प्रश्नावर लोकांनी स्पष्ट बहुमतानं 'हो' म्हटलं, तर उरलेल्या देशाला वाटाघाटींना बसावंच लागेल. मला हे दुसरं वाक्य फार मोलाचं वाटतं. 'स्पष्ट' म्हणजे किती टक्के, हे मात्र न्यायालयानं राजकारण्यांवर सोडलं.