राइड एकच, वॅट चार!

हँडलवरचा कॉम्प्युटर एक सरासरी वॅट दाखवतो, घरी आल्यावर फोनमधलं अ‍ॅप दुसरीच सांगतं. लगेच पॉवर मीटर विकायला काढू नका! बहुतेक वेळा दोघांचंही गणित बरोबर असतं, हिशेबाचा नियम तेवढा वेगळा. हे नियम एकदा कळले की आकड्यांशी छान गट्टी जमते.

शून्य धरायचं की सोडायचं?
समजा, सिंहगडाच्या रस्त्यावर तासभर 200 वॅटने चढलात, माथ्यावर ताक प्यायला 10 मिनिटं थांबलात आणि पेडल न मारता 20 मिनिटांत खाली आलात. फक्त पेडल मारल्याचा वेळ धरला तर सरासरी 200. उताराचे शून्य वॅट मिळवले की 150. ताकाची 10 मिनिटंही धरली की 133! गार्मिनच्या सायकल कॉम्प्युटरमध्ये शून्य धरायचं की वगळायचं, याची सेटिंगच असते. थांबल्यावर नोंद आपोआप थांबवणारं ऑटो-पॉज चालू आहे की बंद, तेही एकदा बघून घ्या.

चौथा आकडा : 186
ताकाचा वेळ वगळला तर याच राइडची नॉर्मलाइज्ड पॉवर भरते साधारण 186. अमेरिकी व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांची ही पद्धत. आधी 30 सेकंदांची सरकती सरासरी, मग तिच्या प्रत्येक आकड्याचा चौथा घात, त्या घातांची सरासरी आणि शेवटी चतुर्थमूळ. एवढा खटाटोप कशाला? कारण जोर लावलेली पाच मिनिटं शरीराला दमवतात, त्याची भरपाई पुढच्या निवांत पाच मिनिटांत होत नाही. स्ट्राव्हा या अ‍ॅपची 'वेटेड अ‍ॅव्हरेज पॉवर' याच कामासाठी आहे, पण तिचं सूत्र वेगळं. त्यामुळे या दोघींचे आकडे तंतोतंत जुळतीलच असं नाही.

एका पायाची साक्ष
स्वस्तातले बरेच पॉवर मीटर फक्त डाव्या क्रँकचा जोर मोजतात आणि त्याची दुप्पट करतात. खऱ्या 200 वॅटपैकी डाव्या पायाचे 96 असतील, तर पडद्यावर दिसणार 192. आठ वॅट गायब, आणि पाय मात्र तितकेच दमलेले!

मोजलं कुठे?
पेडलमधला मीटर पायाजवळ मोजतो, घरात सायकल जोडून चालवायचा स्मार्ट ट्रेनर मागच्या टोकाला. मधल्या चेन आणि गिअरमध्ये काही टक्के शक्ती घर्षणात जाते. म्हणून दोन्ही यंत्रं चोख असली तरी ट्रेनरचा आकडा थोडा कमीच यायला हवा. चेन मळलेली असेल तर फरक आणखी वाढतो.

ऊन-थंडीचा खेळ
मीटरच्या पोटात स्ट्रेन गेज असतात. धातू किंचित वाकला की त्यांचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून जोर कळतो. तापमानानेही हा रोध हलतो. म्हणून सायकल बाहेर काढून थोडा वेळ उभी ठेवा, मग 'झीरो ऑफसेट' करा, म्हणजे जोर नसतानाचं शून्य नव्याने ठरवा, आणि निघा. मिनिटभराचं काम, पण राइडभर उपयोगी.

मीटरच नसेल तर?
स्ट्राव्हा वेग, चढ आणि वजन यांवरून अंदाज बांधतं. वारा कुठून होता, तुम्ही कुणाच्या आडोशाने चालवत होतात, हे त्याला कळत नाही. गटाच्या राइडमध्ये त्यामुळे आकडा फुगू शकतो.

जन्म जर्मनीत
सायकलवर बसवता येणारा पॉवर मीटर जर्मन अभियंता उलरिश शोबेरर यांनी 1986 मध्ये बनवला. त्यांच्या एसआरएम कंपनीचे मीटर आजही नावाजलेले आहेत.

न हलणारा आकडा
आता खरी गंमत. 200 वॅट गुणिले 3,600 सेकंद म्हणजे 720 किलोज्यूल. 150 वॅट गुणिले 4,800 सेकंद? तेही 720. थांबण्यासकट काढलेले 133 (नेमके 133.33) आणि 5,400 सेकंद? पुन्हा 720! साधी सरासरी कशीही काढा, केलेलं काम तेवढंच राहतं. दोन आकडे भांडू लागले की आधी किलोज्यूल बघा. ते जुळले तर फरक फक्त हिशेबाच्या नियमाचा. नाही जुळले तर मीटर, कॅलिब्रेशन किंवा तुटलेला सिग्नल तपासा.

आणि एक पथ्य मात्र पाळाच. एफटीपीची, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल पॉवरची, चाचणी ज्या मीटरवर दिलीत, त्याच मीटरवर सराव करा. ट्रेनरवर काढलेला एफटीपी घेऊन पेडलच्या मीटरवर घाट चढलात, तर त्यावरून ठरवलेले सरावाचे सगळे झोन सरकतात. मीटर एक, नियम एक ठेवलात, तर पुढच्या महिन्यात वाढलेले पाच वॅट खरोखर तुमच्या पायांनी कमावलेले असतील!