काम माणसाला घडवतं तेव्हा

दहावीचा निकाल लागला की माझ्यासमोर बसणारे बहुतेक पालक एकच विचारतात, "मॅडम, याचा पिंड कसला आहे ते सांगा, म्हणजे तशीच लाइन घेऊ." व्यवसाय समुपदेशनात हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा आधार आजही घेतला जातो. कोणाला हातांनी काम करायला आवडतं, कोणाला शोध घ्यायला, कोणाला माणसांत राहायला. अशा सहा कलांपैकी मुलाचा कल कुठला, हे पाहून कामाची दिशा सुचवायची.

पण ते काम पुढे मुलाचं काय करील, हे कोणी विचारत नाही. मला तर त्याचीच जास्त काळजी वाटते.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास अनेक दशकं चालू आहे. त्यांचा अठराव्या वर्षीचा स्वभाव आणि सव्विसाव्या वर्षीचं काम संशोधकांनी ताडून पाहिलं. स्वभावाचे जे पैलू माणसाला एखाद्या कामाकडे नेतात, तेच त्या कामात आणखी ठळक होतात, असं त्यांना आढळलं. रागीट, दुरावलेली मुलं बऱ्याचदा कमी दर्जाच्या, असमाधानाच्या नोकऱ्यांत गेली आणि तिथे त्यांची कटुता वाढली. म्हणून मुलाला "तुझा स्वभावच असा" असं ऐकवणाऱ्या पालकांना मी तिथेच थांबवते. आठ वर्षांच्या नोकरीने माणूस बदलतो.

मेल्विन कोन आणि कार्मी स्कूलर या संशोधकांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक नोकरदार पुरुषांच्या मुलाखतींतून अभ्यास सुरू केला आणि दहा वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा गाठलं. ज्यांना कामात स्वतः डोकं चालवावं लागत होतं, त्यांची विचारांची लवचीकता वाढलेली दिसली. त्याआधीच कोन यांना आढळलं होतं की सतत देखरेखीखाली राबणारे वडील मुलांत आज्ञाधारकपणा शोधतात, तर कामात मोकळीक असलेले वडील मुलांनी स्वतः विचार करावा असं म्हणतात. ऑफिसातला साहेब असा घरातही शिरतो.

म्हणून मुलांना मी सांगते, ज्या क्षेत्रात जायचंय तिथे दहा वर्षं काढलेल्या माणसाला भेटा. पगार विचाराच, पण दिवसभरात कोणते निर्णय तुम्ही स्वतः घेता, हेही विचारा. आणि धीर झाला तर हेही विचारा, की घरी गेल्यावर मुलांशी कसं बोलता.