गुऱ्हाळातला गुळव्या आणि केमिकल इंजिनिअर

सोलापूर रोडला, यवतच्या आसपास हंगामात गाडीची काच खाली केली की उकळत्या रसाचा वास येतो. दौंड तालुका म्हणजे गुऱ्हाळांचा पट्टा. याच तालुक्यात कुरकुंभची केमिकल एमआयडीसीही आहे. बारावीनंतर ‘केमिकलला जाऊ का?’ असं विचारणाऱ्याला मी सांगेन, आधी गुऱ्हाळात एक चक्कर मार.

तिथं चालतं काय? रस गाळायचा, भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर आणून काढायची आणि काहिलीत पाणी आटवायचं. गुळव्या थोडा पाक गार पाण्यात सोडतो. गोळी वळली की काहील उतरवायची! थर्मामीटर नाही, पण अंदाज पक्का. यात रसायनशास्त्र थोडंच. खरं काम उष्णतेचं आणि आटवण्याचं.

हेच इंग्लंडमध्ये जॉर्ज डेव्हिसच्या लक्षात आलं. हा सोडा कारखान्यांच्या विषारी वायूंवर नजर ठेवणारा सरकारी इन्स्पेक्टर. माल कुठलाही असो, गाळणं, आटवणं, वाळवणं सगळीकडे तेच, मग ते वेगळं का शिकवू नये? १८८० मध्ये केमिकल इंजिनिअरांची संस्था काढायचा त्याचा बेत फसला. गडी थांबला नाही. १८८७ मध्ये त्यानं मँचेस्टरला १२ व्याख्यानं दिली. १८८८ मध्ये अमेरिकेत एमआयटीनं अभ्यासक्रमच सुरू केला. या सारख्या कामांना ‘युनिट ऑपरेशन्स’ हे नाव मात्र १९१५ मध्ये आर्थर लिटलनं दिलं.

आपल्याकडे? मुंबई विद्यापीठानं १ ऑक्टोबर १९३३ ला केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग काढला. सुरुवातीला विषय दोन: केमिकल इंजिनिअरिंग आणि कापडाचं रसायन. गिरण्यांच्या शहरात दुसरं काय असणार! पुढे हा विभाग माटुंग्याला गेला. यूडीसीटी म्हणतात ती हीच, आजची आयसीटी. तिचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन पुढे पुण्याच्या एनसीएलचेही पहिले भारतीय संचालक झाले.

पण केमिस्ट असताना इंजिनिअर कशाला? हिशोब बघा. भांडं सगळ्या बाजूंनी १० पट मोठं केलं, तर आतला माल १००० पट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त १०० पट. प्रयोगशाळेतल्या चंबूत शांतपणे होणारी क्रिया मोठ्या रिॲक्टरमध्ये भडकू शकते, ती यामुळेच. किती थंड पाणी फिरवायचं, माल किती हळू सोडायचा, हे शिफ्ट सुरू होण्याआधी कुणीतरी मोजलेलं असावं लागतं. त्या कुणाचं तरी नाव केमिकल इंजिनिअर.