भिंतीतल्या पिंपळाचे बोन्साय

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जुन्या घरांच्या भिंतींत, पन्हळीशेजारी पिंपळाची, वडाची, उंबराची रोपे आपसूक उगवतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते आणि चुना-मातीच्या सांध्यात रुजते. वाढत्या मुळांनी भिंत फुटते, पण पिंपळावर कोयता चालवायला सहसा कोणी धजावत नाही. रोप कुंडीत हलवले की घरही वाचते आणि झाडही. बोन्सायला तर ही रोपे रोपवाटिकेतल्यांपेक्षा सरस. चिमूटभर मातीवर तग धरल्याने त्यांचे खोड बुटके आणि पीळदार झालेले असते.

भिंतीतून काढलेले रोप लगेच उथळ ट्रेमध्ये बसवू नये. बहुतेकांची घाई इथेच नडते. वर्षभर साध्या कुंडीत त्याला जोम धरू द्यावा. पुढच्या जूनमध्ये पाऊस लागला की छाटणी आणि कुंडीबदल एकाच बैठकीत उरकावेत. दमट हवेत पानांतून पाणी कमी उडते आणि उबेमुळे मुळे लवकर फुटतात.

आधी फांद्या. एकमेकींवर चढलेल्या आणि आत वळलेल्या काढून टाकाव्यात. उरलेल्या, बाहेरच्या अंगाला असलेल्या डोळ्याच्या किंचित वर धारदार सिकेटरने कापाव्यात. कापल्यावर पांढरा चीक भळभळतो. तो पाण्याने धुवून मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट लावावी. मग मुळांचा गोळा बांबूच्या काडीने कडेने मोकळा करावा. सोटमूळ आखूड करायचे, तंतुमुळे जपायची. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मुळे कापू नयेत. मुळे कमी झाली की पानांना पाणी पुरत नाही, म्हणून वरची छाटणी आधी.

पंचगंगाकाठची काळी माती उसाला उत्तम, ट्रेला घातक. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. विटांचा चुरा चाळून 2 ते 5 मिलिमीटरचे खडे घ्यावेत, भुकटी टाकून द्यावी. दोन भाग खड्यांना एक भाग कुजलेले शेणखत पुरते. ट्रेच्या छिद्रांवर जाळी ठेवून, झाड तारेने ट्रेलाच बांधावे. हलत्या झाडाची कोवळी मुळे तुटतात. मुळांमधल्या पोकळ्या काडीने भरून, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घालावे.

पुढचे दोन-तीन आठवडे ट्रे सावलीत ठेवावा, पण पागोळ्यांखाली नको. माती वाहून जाते. महिनाभर वरखत देऊ नये. नव्या फुटीला सहा-सात पाने आली की दोन-तीन ठेवून शेंडा खुडावा. कोवळ्या झाडाची कुंडी दर दोन वर्षांनी बदलावी लागते, जुन्याची तीन-चार वर्षांनी.